नाणं परत सरकव

गेल्या काही दिवसांत मला 'थोर' म्हणणाऱ्या माणसांची रांग लावली तर ती आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत जाईल. शेजारचे काका थोर म्हणाले. दातांचा डॉक्टरही थोर म्हणाला, आणि त्याची बोटं माझ्या तोंडात असल्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही. एका शाळेने मुलांसमोर खिलाडूवृत्तीवर बोलायला बोलावलंय. वर मुख्याध्यापिका बाई म्हणतात, "तुमच्यासारखी माणसं आता राहिलीयत कुठे?" राहिलीयत ना बाई. घरी बसून राहिलीयत, कारण त्यांचं कार्ड गेलंय.

मी गोल्फ खेळते. हौस म्हणून नाही, पोटासाठी. लांबून हा खेळ फार सुखाचा दिसतो. हिरवंगार मैदान, डोक्यावर टोपी, चेंडू मारायचा आणि गप्पा मारत त्याच्यामागे चालायचं. जवळून पाहिलं तर चार दिवस ओळीने स्वतःवर चरफडण्याचा हा धंदा आहे. आणि वर्षभर आमचा सगळा जीव टांगलेला असतो तो कार्डावर. गुणांच्या यादीत ठरावीक जागेच्या वर राहिलात तर पुढच्या वर्षी सगळ्या स्पर्धा खेळायचा हक्क मिळतो, त्यालाच आम्ही कार्ड म्हणतो. एका जागेने घसरलात तरी कार्ड गेलं. मग पुन्हा पात्रता फेरी, पुन्हा आपल्या निम्म्या वयाच्या पोरींबरोबर रांगेत उभं राहणं. त्या पोरी चेंडू मारतात तेव्हा त्यांची कंबर अशी वळते की बघून माझी दुखते.

या वर्षीची शेवटची स्पर्धा आली तेव्हा मी नेमकी त्या काठावर होते. पण नुसतं माझं कार्ड काठावर असतं तर मी एवढी चिडचिड केली नसती. काठावर दादाही होता.

दादा माझा कॅडी. कॅडी म्हणजे पिशवी उचलणारा हमाल असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक दिवस माझी पिशवी उचलावी आणि वर माझं तोंडही ऐकावं. वारा किती, अंतर किती, उतार कुठे, कुठली काठी घ्यायची, हे सगळं दादा बघतो. मी फक्त मारते आणि नीट नाही लागला तर त्याच्यावर ओरडते. खरं म्हणजे तो माझ्यापेक्षा चांगला खेळायचा. हे मी कौतुकाने सांगत नाही, तसं होतंच. मग एका अपघातात त्याचं उजवं मनगट मोडलं आणि ते नीट सांधलंच नाही. माणूस महिनाभर गप्प बसला. मग एक दिवस माझी पिशवी खांद्यावर टाकून सरावाला आला, आणि तेव्हापासून माझा प्रत्येक फटका आम्ही दोघं मिळून मारतो. त्याचं बोलणं अगदी मोजकं. "सात नंबर." "डावीकडे हातभर." "ठिणगे, पाणी पी." घरात माझं नाव ठिणगी आहे, का ते सांगायची गरज नाही.

वहिनीने अट घातली ती निघायच्या आदल्या दिवशी. ती दादाच्या शर्टांना इस्त्री करत होती आणि मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून चहा पीत होते.

"दोघंही ऐका," ती म्हणाली. इस्त्री थांबली नव्हती. "कार्ड राहिलं तर आणखी एक वर्ष जा, मी काही बोलणार नाही. नाही राहिलं तर हा घरी. बाबांच्या दुकानात. मी बाबांना शब्द दिलाय."

तिच्या वडिलांचं रंगाचं दुकान आहे. डबे, ब्रश, भिंतीला लावून बघायच्या रंगांच्या पट्ट्या. त्यांना आता शिडी चढवत नाही, आणि जावई गल्ल्यावर बसावा ही त्यांची जुनी इच्छा. मी दादाकडे पाहिलं. तो मोजे जुळवत होता. "बरं," म्हणाला.

बरं! मला इतका राग आला की चहा कपातच राहिला. वहिनीची अट म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. मनात म्हटलं, आलं लक्षात. इतकी वर्षं संधीची वाट बघत होतीस, आता सापडली. नवऱ्याला खुंटीला बांधून ठेवायचं आणि दोष यादीवर ढकलायचा. सगळा आठवडा मी हे मनात घोळवत होते, आणि हे इथेच सांगून ठेवते, कारण पुढे माझं डोकं का फिरलेलं होतं ते कळायला बरं.

तर तो आठवडा.

सुरुवातच खोलीपासून. स्वस्तात पडते म्हणून एका लाँड्रीच्या वरची खोली घेतली होती. खाली यंत्रं फिरायला लागली की माझा पलंग हळूहळू दाराकडे सरकायचा. पहाटे जाग यायची तेव्हा मी भिंतीपासून लांब आलेली असायचे. दादा पलीकडच्या सोफ्यावर शांत झोपलेला. त्याला म्हटलं, "अरे, झोप कशी लागते तुला?" तर म्हणे, "लागते." अशा माणसाबरोबर भांडण करायलाही मजा नाही.

त्यात स्पर्धेच्या आदल्या दिवशी पाहुण्यांबरोबर खेळायचं असतं. स्पर्धेला पैसे देणाऱ्या कंपन्यांचे लोक येतात, आणि आपण त्यांच्याबरोबर हसतमुखाने एक फेरी खेळायची. माझ्या वाट्याला नळ बनवणारे एक गृहस्थ आले. आयुष्यात कितव्यांदा हातात काठी धरली होती कोण जाणे, पण मला शिकवायला लागले. "मॅडम, तुमचा खांदा जरा लवकर उघडतो." मी हसले. पुढच्या होलवर, म्हणजे मैदानाच्या पुढच्या टप्प्यावर, "मॅडम, डोकं हलतंय." तेही हसून घेतलं. तेवढ्यात त्यांचा स्वतःचा चेंडू तिसऱ्यांदा तळ्यात गेला, तर म्हणाले, मैदानच तिरकं आहे. नाचता येईना अंगण वाकडं. मी तोंड उघडणार तेवढ्यात दादाने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली. दादा बाटली देतो याचा अर्थ, गप्प बस.

मला गप्प बसता येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. आई म्हणते, तुझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच, ब्रेकही नाही. पंचांशी वाद घातल्याबद्दल एकदा मला समज मिळाली आहे. एकदा तर मी झाडाशी भांडले होते, माझा चेंडू त्याला लागून उलट आला म्हणून. सांगायचा मुद्दा असा की माझ्या तोंडातून जे बाहेर पडतं त्याच्या आधी विचार झालेला असतो असं कुणी समजू नये.

पहिले दोन दिवस बरे गेले, म्हणजे मी रडकुंडीला आले पण बाहेर फेकली गेले नाही. दुसऱ्या दिवसाअखेर निम्म्या खेळाडूंना घरी पाठवतात, त्यातून कशीबशी वाचले. तिसऱ्या दिवशी वारा सुटला. असा वारा की चेंडू ठेवायच्या आधी टोपी धरायची, टोपी धरायच्या आधी केस धरायचे, आणि मग काठी कशाने धरायची? दादा गवताची चिमूट उडवून बघायचा आणि दर वेळी ती वेगळ्याच दिशेला जायची. "नक्की कुठून आहे?" "सगळीकडून." तरीही त्या दिवशी मी चांगली खेळले. का ते मला माहीत नाही. चिडून खेळले की कधी कधी बरं जातं.

संध्याकाळी शेवटच्या दिवसाच्या जोड्या लागल्या. माझ्यासमोर कोण? कासव.

कासव हे तिचं नाव मी ठेवलंय. माझ्याच वयाची, माझ्याइतकीच वर्षं धक्के खात खेळणारी, आणि जगातली सर्वांत सावकाश बाई. फटका मारायच्या आधी ती चेंडूच्या मागे उभी राहते, मग बाजूला उभी राहते, मग मागे जाऊन पुन्हा बघते, जणू दरम्यान मैदान बदललं असेल. हातमोजा काढते आणि पुन्हा घालते. तिच्याबरोबर खेळलं की माझा रक्तदाब आणि दाढी नसूनही दाढी, दोन्ही वाढतात. आणि यादीत आमच्या दोघींत केसाएवढं अंतर. दादाने बोर्डापुढे उभं राहून डोक्यात हिशेब केला आणि म्हणाला, "सोपं आहे. तुमच्यातली जी पुढे, तिचं कार्ड."

"आणि दुसरीचं?"

दादाने माझी पिशवी उचलली आणि चालायला लागला.

शेवटचा दिवस मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतो. मी पुढे जायचे, मग ती गाठायची. मी लांब मारायचे, ती सावकाश जवळ आणायची. प्रत्येक होलवर तिची वाट बघत माझी उभ्या उभ्या पावलं दुखायला लागली. पंचांनी तिला एकदा ताकीदही दिली, जरा लवकर खेळा म्हणून. तिने मान हलवली आणि पुढचा फटका आणखी सावकाश मारला. पालथ्या घड्यावर पाणी. मी दादाला म्हटलं, "ही मुद्दाम करते. मला वेड लावायला." दादा म्हणाला, "ती घाबरलीय." मी म्हटलं, "मग मी काय मजेत आहे?"

आणि असं करत करत आम्ही दोघी बरोबरीत शेवटच्या होलवर आलो.

आता इथे एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ज्या खड्ड्यात चेंडू टाकायचा त्या होलच्या भोवती अगदी बारीक कापलेलं गवत असतं, ते ग्रीन. ग्रीनवर चेंडू आला की त्याच्या मागे एक नाणं ठेवायचं आणि चेंडू उचलून घ्यायचा, म्हणजे दुसरीच्या वाटेत येत नाही. नाणंच वाटेत येत असेल तर दुसरी म्हणते, जरा सरकव. मग आपली काठी आडवी ठेवून तिच्या पात्याएवढं नाणं बाजूला सरकवायचं. दुसरीचं झालं की तसंच मोजून ते परत मूळ जागी आणायचं, आणि मग चेंडू ठेवून मारायचं. परत आणायला विसरलात आणि तिथूनच मारलंत, तर दोन फटक्यांचा दंड, आणि या खेळात जिचे फटके कमी ती पुढे. म्हणून जिने सरकवायला सांगितलं तिनेच आठवण करायची: नाणं परत सरकव. नियमात कुठे तसं लिहिलेलं नाही. नियम फक्त दंड सांगतो. पण सगळ्याजणी करतात, आणि लहानपणी मला ते दादानेच शिकवलं.

तर शेवटचं ग्रीन. दोघींचे फटके सारखेच झालेले. माझा चेंडू लांब, तिचा जवळ. तिचं नाणं बरोबर माझ्या वाटेत. "जरा सरकवतेस?" मी म्हटलं. तिने सरकवलं, अर्थातच तीनदा मोजून. दादा माझ्यामागे वाकला. "उजव्या कडेला. हळू सोड." मी सोडला. चेंडू सरळ गेला, होलच्या ओठावर आला आणि थांबला. मी खरंच सांगते, एका मुंगीने मागून ढकललं असतं तरी आत गेला असता. पुढे जाऊन टिचकीसारखा आत टाकला, तो एक फटका जास्तीचा.

मी बाजूला येऊन उभी राहिले. आता कासवाला फक्त एक लहानसा फटका मारायचा होता. तो गेला की ती एका फटक्याने पुढे, तिचं कार्ड राहिलं, माझं गेलं. हातभर अंतर. माझी आईसुद्धा चप्पल घालून आत टाकेल असा.

आणि कासव सुरू झाली. मागे गेली. बसली. उठली. पलीकडे जाऊन होलच्या दुसऱ्या बाजूने बघितलं. परत आली. रुमालाने हात पुसला. माझ्या डोक्यात एकच होतं, बाई, मारायचं तर मार एकदाचं, माझा गळा कापायचाय तर सुरी तरी लवकर फिरव. तिने नाण्यापुढे चेंडू ठेवला. नाणं उचलून खिशात टाकलं. काठी टेकवली. दोनदा नुसतीच हलवून बघितली.

आणि माझ्या तोंडातून निघालं, "अगं बाई, नाणं! नाणं परत सरकव ना! दिवसभर ग्रीनवर संसार मांडलास आणि आता एवढंही जमेना का?"

तेच ते. ज्याला वर्तमानपत्रांनी 'क्षणाचाही विलंब न लावता' असं म्हटलंय. विलंब कुठून लावणार? विलंब लावायला आधी विचार यावा लागतो. माझ्या लेखी ते बोलणं आणि दुधावर साय आली की ओरडणं यात काही फरक नव्हता. ती चुकत होती, मी वैतागले होते, बास. उचलली जीभ लावली टाळ्याला. वाक्य संपलं आणि मग मला कळलं की मी काय बोलले. मी गप्प राहिले असते तर तिला दोन फटक्यांचा दंड बसला असता, आणि ती माझ्या मागे. कार्ड माझं. दादा माझा.

कासवाचा चेहरा पांढराफटक पडला. तिने नाणं पुन्हा ठेवलं, चेंडू उचलला, काठी आडवी ठेवून मोजलं, नाणं मूळ जागी आणलं. मग, आयुष्यात पहिल्यांदा, अजिबात वेळ न घालवता मारलं. गेला आत.

लोक टाळ्या वाजवत उभे राहिले. कासव धावत आली, आणि तिला धावताना मी तेव्हाच पाहिलं. माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. "तू का सांगितलंस? मी तर विसरलेच होते गं. तू का सांगितलंस?" मला म्हणायचं होतं, मला काय माहीत, तुझा राग आला म्हणून. पण तिचे अश्रू माझ्या मानेवरून कॉलरमध्ये उतरत होते, आणि मी नुसतीच तिच्या पाठीवर थापटत राहिले. कॅमेऱ्याने नेमकं तेवढंच टिपलं. लांबून आवाज काही गेला नव्हता, माझा वर झालेला हात तेवढा दिसला. त्या चित्रात मी अशी दिसते की देवळात उभी करावी.

त्या वेळी दादा कुठे होता? तो आमच्याकडे पाठ करून उभा होता आणि फडक्याने माझी काठी पुसत होता. कासवाने चेंडू ठेवला तेव्हापासून तो पुसतच होता. काठी स्वच्छ होती. हे मी पाहिलं होतं, पण तेव्हा त्याचा अर्थ लावायला डोकं ठिकाणावर नव्हतं.

मग पत्रकार. "तुमच्या मनात त्या क्षणी काय आलं?" मी म्हटलं, "काही नाही." त्यांनी ते विनय म्हणून लिहून घेतलं. "आयुष्यभराचे संस्कार!" एकजण म्हणाला. मी म्हटलं, "संस्कार कसले, मी तिच्यावर ओरडले." सगळे हसले. खरं बोलावं तर कुणी ऐकत नाही, हा थोर होण्यातला सगळ्यात मोठा ताप आहे. नळवाले गृहस्थही गर्दीत होते. पुढे येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मॅडम, खांद्याचं सोडा, मन मोठं पाहिजे." दादाने या वेळी बाटली दिली नाही. तो तिथे नव्हताच.

तो गाडीपाशी सापडला. डिकी उघडी, पिशवी आत ठेवलेली, आणि तो तिच्या शेजारी डिकीच्या काठावर बसलेला. मी येऊन उभी राहिले. त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, "मला दिसलं होतं."

"काय?"

"नाणं. तिने परत आणलं नाही, ते मला तुझ्या आधी दिसलं."

मला कळेना. "मग बोलला का नाहीस?"

"म्हणून तर पाठ केली ना." तो आपल्या वाकड्या मनगटाकडे बघत होता. "तू दर वेळी माझ्या तोंडाकडे बघतेस. माझं तोंड बघितलं असतंस तर तुला कळलं असतं. मला वाटलं, तुला न कळताच होऊन जाऊ दे. तुझ्यावर पाप नको. माझ्यावर असू दे."

इतकी वाक्यं दादा एका दमात बोललेला मला आठवत नाही. मला त्याच्यावर रागवायचं होतं. सगळा आठवडा ज्याच्या त्याच्यावर रागावले होते, पलंगावर, वाऱ्यावर, नळवाल्यावर. आता जिथे खरंच हक्क होता तिथे राग येईना. ज्याने मला ती रीत शिकवली, त्याला ती एवढ्यासाठी मोडावीशी वाटली की आणखी एक वर्ष त्याला माझी पिशवी उचलायला मिळावी. मला फार वाईट वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, फार बरंही वाटलं.

"दादा, मीही नसते बोलले," मी म्हटलं. "मला आधी कळलं असतं ना, तर मूग गिळून गप्प बसले असते. देवाशपथ. ते आपलं तोंडातून निसटलं."

त्याने मान वर केली. आधी वाटलं रडतोय. पण तो हसत होता. डिकीचा काठ धरून, आवाज न करता, खांदे हलवत. मग मीही हसायला लागले. येणारे-जाणारे बघत होते आणि त्यांना वाटत असेल, बघा, हरूनसुद्धा किती आनंदात आहेत, केवढी मोठी माणसं. हसणं थांबलं तेव्हा दादाने फडक्याने डोळे पुसले, तेच काठी पुसायचं फडकं, आणि म्हणाला, "चल. तुझी वहिनी वाट बघत असेल."

परतीचा रस्ता लांब होता. दादा गाडी चालवत होता आणि मी मनात वहिनीशी भांडणाची तयारी करत होते. ती दारात उभी असेल. मुद्दाम हसणार नाही, पण आतून सुटल्यासारखी दिसेल. म्हणेल, जाऊ दे गं, जे होतं ते चांगल्यासाठी. आणि मग मी तिला सांगणार होते. काय काय सांगायचं ते मी ओळीने लावून ठेवलं होतं. की तुला नवरा मिळाला, अभिनंदन. की तो दुकानात बसून रंगाच्या पट्ट्या दाखवेल, हा हलका निळा, हा जरा गडद निळा, आणि तू खूश राहा. इतकं घोकून ठेवलेलं भाषण त्या शाळेतल्या मुलांनासुद्धा ऐकायला मिळणार नाही.

पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. वहिनी खरंच दारात होती. दादाने पिशवी उतरवली, तिच्याकडे बघून एकदा मान हलवली आणि आत गेला. नळ सोडल्याचा आवाज आला. तो हात-तोंड धूत होता. वहिनी बाजूला झाली नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिचे डोळे सुजलेले होते.

मी तोंड उघडलं. तिने मला बोलूच दिलं नाही.

"एक दिवस," ती म्हणाली. "आयुष्यात एक दिवस तोंड बंद ठेवता येत नव्हतं का हो वन्सं?" वहिनी मला वन्सं म्हणते ती फक्त संतापली की. एरवी आम्ही ठिणगी आणि वहिनी. "सगळी दुनिया बघत होती, मी फोनवर बघत होते. ती बाई चुकली होती. तिची ती चुकली होती! तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये बोलायला?"

थोर नाही, मन मोठं नाही, संस्कार नाहीत. इतक्या माणसांत ही एकटी माझ्यावर ओरडत होती.

"अगं, पण तूच तर," मी म्हटलं. "तूच म्हणालीस ना, कार्ड नाही राहिलं तर घरी. तुला तो घरी हवा होता."

"मला?" तिचा आवाज एकदम खाली आला. आतला नळ बंद झाला होता. "तो घरी बसला की काय होतं ते मी पाहिलंय. मनगट मोडलं तेव्हा. तो महिना तू पाहिला नाहीस, तू खेळायला गेली होतीस. मी पाहिलाय. बाबा रोज मागे लागतात, आज आण, उद्या आण. किती वर्षं त्यांना थांबवू? म्हणून म्हटलं एकदाची अट घालते. कार्ड राहिलं की बाबांचंही तोंड बंद."

"आणि नाही राहिलं तर?"

"नाही राहिलं तर हा विचारच मी केला नव्हता गं," वहिनी म्हणाली. "अट घातली, कारण मला वाटलं होतं, तुम्ही जिंकाल."

रस्त्यात घोकलेल्या भाषणातला एक शब्द मला आठवेना. आतून दादा विचारत होता की उद्या दुकान किती वाजता उघडायचं असतं.